चौथा प्रहर : कालबद्ध लघुपट आणि समस्यापूर्तीची परंपरा

१

ठरावीक मुदतीत पुरा करावयाचा लघुपट, ही गेल्या पाव शतकात जगभर रूढ झालेली स्पर्धा आहे. मार्क रुपर्ट यांनी २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे 'फॉर्टी-एट अवर फिल्म प्रोजेक्ट' या नावाने तिचा आरंभ केला. पुढे तिचे लोण अनेक देशांत पोहोचले आणि भारतात मुंबईतही ही स्पर्धा भरली. तिचे नियम थोडक्यात असे : शुक्रवारी सायंकाळी प्रत्येक गटाने चिठ्ठी काढून आपला चित्रप्रकार घ्यावयाचा, कोणाच्या वाट्याला विनोदिका येईल, कोणाच्या वाट्याला भयपट. त्याच वेळी एक पात्र, नाटकमंडळी जिला 'प्रॉपर्टी' म्हणतात तशी एक वस्तू आणि संवादाची एक ओळ, अशा तीन गोष्टी त्या शहरातील सर्व गटांना समान दिल्या जातात. लेखन, चित्रण, संकलन, संगीत हे सारे त्यानंतरच्या अठ्ठेचाळीस तासांत उरकून साधारण चार ते सात मिनिटांचा चित्रपट रविवारी सायंकाळी सादर करावयाचा. प्रत्येक शहरातील सर्वोत्तम चित्रपट 'फिल्मापलूझा' या वार्षिक आंतरराष्ट्रीय महोत्सवात जातो. आपल्याकडे २०११ साली अहमदाबाद येथे सुरू झालेल्या 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट' या उपक्रमाने याच धर्तीवर पन्नास तासांची मुदत ठेवली.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष का घालावे, अशी शंका येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. रायपूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून तौलनिक साहित्याचा वर्ग घेत असताना मलाही प्रथम हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटला होता. परंतु वर्गातील काही विद्यार्थी अशा स्पर्धांत भाग घेऊन आले होते, आणि त्यांनी नियमावली वाचून दाखविली तेव्हा ती मला ओळखीची वाटली. बाहेरून दिलेली ओळ, बाहेरून दिलेला शब्द, ठरलेला अवकाश आणि समोर बसलेले परीक्षक, हा सारा सरंजाम आपल्या काव्यपरंपरेत शतकानुशतके वावरत आला आहे. या ओळखीचा नेमका अर्थ काय, आणि ती मान्य केल्यास आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

समस्यापूर्तीचे स्वरूप अभ्यासकांना परिचित आहे. श्लोकाचा एक चरण, बहुधा चमत्कारिक किंवा वरवर निरर्थक भासणारा, कवीसमोर टाकला जातो. उरलेले चरण रचून त्याला अर्थ प्राप्त करून द्यावयाचा असतो. बल्लाळाच्या भोजप्रबंधातील कितीतरी कथा या एकाच प्रसंगाभोवती फिरतात. उर्दूत मुशायऱ्यापूर्वी 'मिसरा-ए-तरह' दिला जाई आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात सर्व शायर आपापली गझल बांधून आणीत. हिंदीत भारतेंदुयुगातील कविमंडळांनी समस्यापूर्तीला मोठा आश्रय दिला. तेलुगू आणि कन्नड या भाषांतील अवधानविद्येने तर या खेळाला शास्त्राचे रूप दिले. अष्टावधानात आठ पृच्छक अवधानी कवीभोवती बसतात. एक जण 'समस्या' देतो; दुसरा 'दत्तपदी' म्हणजे श्लोकात गुंफावयाचे शब्द देतो; तिसरा 'निषिद्धाक्षरी'च्या नियमाने पुढचे अक्षर वर्ज्य करीत जातो; आणखी एक जण अवांतर प्रश्न विचारून कवीचे चित्त विचलित करण्याचा प्रयत्न करतो. तिरुपती वेंकट कवुलु या नावाने प्रसिद्ध असलेल्या दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेल्लपिल्ल वेंकट शास्त्री या कविद्वयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ही कला आंध्रात लोकप्रिय केली.

आता चित्रपटस्पर्धेची नियमावली या शेजारी ठेवून पाहावी. दिलेली संवादाची ओळ म्हणजे समस्या. दिलेली वस्तू म्हणजे दत्तपदी. आणि चिठ्ठीने आलेला चित्रप्रकार म्हणजे नेमून दिलेले वृत्त. या अटींचा हेतूही दोन्हीकडे एकच दिसतो. आधी रचून ठेवलेली कृती ऐनवेळची म्हणून कोणी पुढे करू नये, हे अनपेक्षित ओळीमुळे साधते. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले, असे मला म्हणावयाचे नाही. वॉशिंग्टनमध्ये या स्पर्धेची कल्पना निघाली तेव्हा तेथे कोणाला अवधानविद्येची खबर असण्याचे कारण नव्हते. शीघ्ररचनेची परीक्षा घ्यावयाची म्हटली की तिचे नियम स्वतंत्रपणेही सारखेच घडतात, एवढाच या साम्याचा अर्थ.

३

तथापि सर्व बंधने एका जातीची नसतात. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या अनेक रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात ओठांनी उच्चारावयाची अक्षरे वर्ज्य आहेत. दंडीच्या दशकुमारचरितातील एक उच्छ्वासही असाच निरोष्ठ्य आहे. तेथे निवेदकाचा ओठ प्रणयात दुखावला आहे, असे कारण कथेतच दिले आहे. फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेली एक अख्खी कादंबरी फ्रेंच भाषेत सर्वाधिक येणारा 'ई' हा स्वर टाळून लिहिली. या सर्वांना 'अक्षरबंध' म्हणता येईल. अक्षरबंधाला वेळ अधिक लागतो. कवीला प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो. स्पर्धेतील अट त्याच्या उलट 'कालबंधा'ची आहे. तेथे शब्द मोकळे असतात, परंतु तोलण्यास अवसर नसतो.

मग कालबंधाखाली रचना होते ती कशाच्या बळावर? मम्मटाने काव्याचे हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा एकत्र निर्देश केला आहे. यांपैकी शक्ती उपजत. पण निपुणता लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनाने येते, आणि अभ्यास जाणत्याच्या मार्गदर्शनाखाली वारंवार केल्याने. शीघ्रकवी ओळ ऐकताक्षणी जे रचतो ते त्या क्षणात जन्मलेले दिसते, पण त्याची सामग्री अनेक वर्षे साठत आलेली असते. घड्याळ अठ्ठेचाळीस तास मोजते. कृतीला लागलेला काळ याहून पुष्कळ मोठा असतो.

या ठिकाणी मराठी चित्रपटाच्या आद्य इतिहासातील एक प्रसंग आठवतो. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा छोटा चित्रपट तयार केला. कुंडीतील बी कसे रुजते, अंकुर कसा वर येतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस थोडेथोडे टिपले. पडद्यावर ते पाहता पाहता संपले. कृतीचा आकार लहान असणे आणि तिला लागलेला काळ लहान असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आपल्याकडील लघुपटाने जन्मतःच दाखवून दिले होते. आजच्या स्पर्धांत हा भेद पुसला जाण्याची भीती आहे.

४

साठलेल्या सामग्रीवर शीघ्ररचना कशी उभी राहते, याचे उत्तम उदाहरण खुद्द रायपूरच्याच इतिहासात सापडते. हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांचा जन्म रायपूरचा. १९७३ साली त्यांनी रायपूर येथे नाचा या लोकनाट्याच्या कलावंतांचे एक महिन्याचे शिबिर घेतले. नाचात लिखित संहिता नसते. प्रहसनाचा सांगाडा ठाऊक असतो. संवाद नट उभ्या उभ्या जुळवितात. आपल्या तमाशातील बतावणीशी याचे जवळचे नाते आहे. या शिबिरात नाचातील प्रचलित प्रहसने एकत्र गुंफून 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक आकाराला आले. ते नट आपली छत्तीसगढी बोली बोलत राहिले आणि नाटक दिल्लीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. १९७५ साली 'चरणदास चोर' आले. त्याच कथेवर श्याम बेनेगल यांनी याच नटांना घेऊन बालचित्रपटही केला.

एका महिन्यात नाटक झाले, असे सहज म्हटले जाते. पण त्या नटांनी गावोगावच्या रात्री रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांतून जे कमावले होते ते या महिन्याच्या हिशेबात धरावयाचे की नाही? दिग्दर्शकाने स्वतः सांगितले नाही तरी त्याचे खरे काम निवडीचे होते. काय ठेवावे, काय गाळावे, कशाच्या शेजारी काय लावावे, हे ठरविण्यासाठी त्याने नटांच्या उत्स्फूर्ततेपासून थोडे दूर उभे राहणे आवश्यक होते. नटाची तत्परता आणि निवडणाऱ्याची सावकाशी या दोहोंच्या संयोगाने ते नाटक सिद्ध झाले.

५

रायपूरशी निगडित असलेली दुसरी एक कृती आपल्या विषयाच्या अधिकच निकट येते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी घरातील. त्यांनी 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, आणि त्यात १९०१ साली 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचे नाव आदराने घेतले जाते. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

कथा अगदी लहान आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचा विस्तार करावयाचा असतो. शेजारच्या विधवेची झोपडी तो कज्जा करून बळकावतो. म्हातारी पुढे एकदा येऊन, नातीसाठी चूल घालावयाची आहे म्हणून झोपडीतील टोपलीभर माती मागते. माती भरून झाल्यावर टोपली उचलण्यास हात लावावा, अशी ती जमीनदारालाच विनंती करते. त्याच्याने टोपली हलत नाही. तेव्हा ती त्याला विचारते की, ही एक टोपली तुम्हाला उचलवत नाही, तर या जागेतील हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते.

स्पर्धेच्या परिभाषेत पाहिले तर येथे एक पात्र आहे, एक वस्तू आहे आणि एक संवाद आहे. पण या तिहींचे परस्परसंबंध पाहण्याजोगे आहेत. टोपली कथेत नुसती दिसत नाही. ती उचलली जात नाही, आणि तिच्या न उचलले जाण्यातूनच संवाद जन्मतो. संवाद म्हातारीखेरीज अन्य कोणाच्या मुखी शोभला नसता, आणि टोपलीवाचून तो कोरडा उपदेश झाला असता. तिघांपैकी एक काढावे तर उरलेली दोन कोसळतात. समस्यापूर्तीतही उत्तम श्लोकाची खूण हीच मानली जाते : दिलेला चरण बाहेरून आला होता याचा वाचकाला विसर पडावा. दिलेला घटक कृतीत 'आगंतुक' राहिला आहे की 'अंगभूत' झाला आहे, ही कसोटी मला कालबद्ध लघुपटाच्या समीक्षेसाठी पुरेशी नेमकी वाटते. अशा स्पर्धांतील जे चित्रपट मी पाहिले त्यांतील पुष्कळांत दिलेली वस्तू केवळ हजेरी लावून जाते. टेबलावर ठेवलेली छत्री कॅमेरा दाखवितो आणि नियम पाळला जातो. छत्रीमुळे काही घडत नाही.

याचे दुसरेही एक कारण संभवते. घाईच्या वेळी मन सर्वांत जवळच्या साठ्याकडे धाव घेते. नाचाच्या नटाचा साठा गावातला होता. आजच्या तरुण दिग्दर्शकाचा साठा बहुशः अन्य चित्रपटांचाच असतो, आणि चिठ्ठीवरील चित्रप्रकारांची नावे अमेरिकी चित्रपटव्यवसायातून आलेली असल्याने ती त्याला त्याच साठ्याकडे ढकलतात. मग निरनिराळ्या देशांतील भयपटांत तोच अंधारा जिना आणि तोच दचका दिसू लागला, तर त्याचा दोष केवळ त्या तरुणांना देता येणार नाही.

६

ही कसोटी प्रत्यक्ष लावून पाहावी म्हणून मी वर्गात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे गट पाडून त्यांना अठ्ठेचाळीस तासांची मुदत आणि पाच मिनिटांची मर्यादा घालून दिली. पात्र : जनगणनेसाठी आलेला कर्मचारी. वस्तू : कुलूप. संवाद हिंदीत होता : 'यहाँ कोई नहीं रहता.'

एका गटाने जवळच्या खेड्यात जाऊन चित्रण केले. छत्तीसगढमधून वीटभट्ट्यांच्या कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे परप्रांतात जातात आणि मागे कुलूपबंद घरे व म्हातारी माणसे राहतात, हे त्या विद्यार्थ्यांना घरचे ठाऊक होते. त्यांच्या चित्रपटात एक डोकरी, म्हणजे म्हातारी, लहानग्या नातीला सांभाळीत ओसरीवर बसलेली होती आणि सर्वकाळ छत्तीसगढी बोलत होती. अखेरीस नातीकडे पाहता पाहता ती एकाएकी शुद्ध हिंदीत दिलेले वाक्य म्हणाली. वर्ग मोठ्याने हसला. नियमाचे पालन झाले होते, पण त्या एका वाक्यात डोकरी नाहीशी होऊन तिच्या जागी स्पर्धक प्रकटला होता.

पंधरा दिवसांनी मी त्या गटाला तोच चित्रपट पुन्हा जुळविण्यास सांगितले. नवीन चित्रण करावयाचे नाही, एवढीच अट घातली. जुनी चित्रफीत सावकाश पाहताना त्यांना दोन गोष्टी आढळल्या. डोकरीने ते वाक्य मुळात कर्मचाऱ्याच्या हिंदी प्रश्नाला उत्तर म्हणून उच्चारले होते. वेळेच्या घाईत तो प्रश्न गळाला होता आणि उत्तर भलत्याच ठिकाणी चिकटले होते. शिवाय ती लुगड्याच्या पदराची गाठ सोडून किल्ली चाचपते, असे एक दृश्य टिपलेले होते आणि कोणाच्याही लक्षात राहिले नव्हते. नव्या जुळणीत त्यांनी पार्श्वसंगीत काढून टाकले. कर्मचारी हिंदीत विचारतो. नातीशी छत्तीसगढीत बोलणारी डोकरी सावरून बसते आणि हिंदीत सांगते की, येथे कोणी राहत नाही. मग पदराच्या गाठीतील किल्ली दिसते. आपण स्वतः तेथे राहतो हे ती मोजणीत धरीतच नाही, हे प्रेक्षकाला किल्ली पाहिल्यावर उमगते. या वेळी वर्गात कोणी हसले नाही. वाक्य तेच होते. त्याची भाषा परकी होती, आणि त्या परकेपणालाच आता अर्थ आला होता. सरकारी माणसापुढे माणूस आपली बोली बाजूला ठेवतो, ही गोष्ट त्या एका हिंदी वाक्याने सांगितली.

हे चित्रण पहिल्या अठ्ठेचाळीस तासांचेच होते, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. अर्थ तेथे आलेला होता, मात्र तो ओळखण्याइतकी उसंत त्या तासांत नव्हती.

७

राजशेखराने सुमारे दहाव्या शतकाच्या आरंभी 'काव्यमीमांसा' लिहिली. त्याचे कुल महाराष्ट्राशी निगडित होते. पुढे तो त्रिपुरीच्या कलचुरींच्या आश्रयास होता, आणि त्याच कलचुरींच्या एका शाखेने नंतर रतनपूर व रायपूर येथे राज्य केले. कविचर्येच्या प्रकरणात त्याने कवीच्या दिवसाची प्रहरांत वाटणी केली आहे. पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा. भोजनोत्तर तिसरा प्रहर काव्यगोष्ठीचा. समस्यापूर्तीसारखे खेळ याच प्रहरात. आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह, सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा. याचे कारण तो असे देतो की, रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेक करू शकत नाही. परीक्षेत करावयाची कामेही तो मोजून सांगतो : अधिक असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, अस्थानी असेल ते हलवावे, विसरलेले असेल ते आठवून घ्यावे.

रायपूरच्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले. संगीत टाकले, गळालेला प्रश्न भरला, वाक्य हलविले, किल्ली आठवून घेतली. चित्रपटाच्या संकलनाचे याहून नेटके वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही, आणि ते अकराशे वर्षांपूर्वीचे आहे.

आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेची वाटणी पाहावी. तिने दुसरा प्रहर अठ्ठेचाळीस तासांचा केला आणि तिसऱ्या प्रहराचा खेळ त्यातच मिसळला. पहिला प्रहर तिने स्पर्धकाच्या पूर्वायुष्यावर सोपविला. चौथा प्रहर मात्र तिच्यात नाही. रविवारी सायंकाळी चित्रपट दिला, काही दिवसांनी पडद्यावर दाखविला, पारितोषिके वाटली, की त्या कृतीचे आयुष्य बहुधा संपते. स्पर्धेने आपल्या नियमात चौथा प्रहर घालावा, अशी माझी मागणी नाही. तसे झाल्यास ती स्पर्धा राहणार नाही. समस्यापूर्तीच्या सभेतही श्लोक तेथेच तोलला जात नसे. पण तेथे श्लोक जाणकारांच्या तोंडी राहत, उतरून घेतले जात, त्यांवर चर्चा होई, आणि शेकडो पूर्तींतून दहा-वीस पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत. हिंदीत द्विवेदीयुगात समस्यापूर्तीची प्रतिष्ठा ओसरली, ती कृत्रिम ठरविली गेली. तरीही निवडण्याचे काम आधी झालेले असल्याने आज तिचा अभ्यास शक्य आहे. कालबद्ध लघुपटांची अशी निवड, नोंद आणि समीक्षा होत नाही. अशा कृतींपैकी काही छत्तीसगढी, हलबी, वऱ्हाडी, अहिराणी यांसारख्या बोलींत बोलतात, आणि या बोलींच्या लिखित साहित्याचा पसारा मर्यादित आहे. १९६५ सालचा 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट आज इतिहासाचा भाग झाला आहे; पाच मिनिटांच्या चित्रपटांना तेवढेही भाग्य लाभण्याची शक्यता कमी.

हे काम साहित्याच्या विभागांनी अंगावर घ्यावे, असे मला वाटते. कॅमेऱ्याचे तंत्र शिकविण्याची आपल्याला गरज नाही. दिलेली ओळ अंगभूत झाली की आगंतुक राहिली, कृतीचा साठा कोठला, तिची भाषा पात्राची की नियमाची, हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला काव्यशास्त्राने लावलेली आहे. आपापल्या शहरात भरणाऱ्या अशा स्पर्धांतील चित्रपट जमवावेत, त्यांतील संवाद बोलीसह उतरून घ्यावेत, आणि वर्षातून एकदा त्यांच्या कर्त्यांना बोलावून सावकाशीने ते पुन्हा पाहावेत, इतके कोणत्याही विभागाला करता येण्याजोगे आहे. आमच्या वर्गाने त्या डोकरीच्या चित्रपटाच्या दोन्ही जुळण्या जपून ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना प्रथम पहिली दाखवावयाची, आणि दुसरीत काय बदलले हे त्यांनीच सांगावयाचे, असे ठरले आहे.